बंद खाडी

“नुसतं बघणाऱ्यालाही बंदी लागते का?”

प्रश्न विचारून झाल्यावर तितिलियाच्या लक्षात आलं, की आपण उभ्या आहोत. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत उभं राहूनच बोलायचं असतं. गेल्याच महिन्यात तिनं लम्बासा शहरातून त्या स्पर्धेचा चषक आणला होता, आणि तेव्हापासून तोंड उघडायचं म्हटलं की तिचे गुडघे आपोआप सरळ व्हायचे. पण ही शाळा नव्हती. गावाच्या सभागृहात सगळे चटयांवर मांडी घालून बसले होते, आणि वरच्या अंगाला बसलेल्या नव्या मुखियाच्या, रातू ओसेआंच्या, डोक्यापेक्षा तिचं डोकं चांगलं दोन हात वर होतं.

ती झटकन खाली बसली. मागून तिच्या मैत्रिणीनं, आतेथानं, तिच्या पाठीत बोट खुपसलं. पैज या प्रश्नावरच लागली होती. दुसरी मैत्रीण वेरे म्हणाली होती, भर सभेत विचारून दाखव, महिनाभर तुझे गणवेश मी धुते.

थोरल्या रातूंना, म्हणजे रातू ओसेआंच्या मोठ्या भावाला, मातीत ठेवून त्या दिवशी बासष्ट दिवस झाले होते. गावाचा मुखिया गेला की शंभर रात्री त्याची खाडी बंद. जाळं नाही, गळ नाही, चिंबोरी नाही, चिखलातला शिंपला नाही. खाडीच्या तोंडाशी खांब रोवून त्यावर झाडाच्या सालीचं कापड बांधलं, की आतलं सगळं तितके दिवस त्याचं एकट्याचं. नावेसी गाव दोन महिने डब्यातला बांगडा खात होतं आणि कुणाची तक्रार नव्हती. अडचण जहाजाची होती. छत्तीस प्रवाशांचं ते पांढरं, बुटकं जहाज वर्षातून चार-पाच वेळा यायचं आणि दोन दिवस थांबायचं. एक दिवस कांदळवन, दुसऱ्या दिवशी बायकांची बाग, जिचे पैसे बायकांच्या हातात यायचे. खाडी दाखवणार नसाल तर आम्ही पुढच्या गावाला जातो, असा निरोप आला होता. पुरुष म्हणत होते, जाऊ देत. बायका मागे बसल्या होत्या आणि काही म्हणत नव्हत्या, पण मागच्या रांगांतला खोकला एकाएकी फार वाढला होता.

“कुणाची मुलगी ही?” रातू ओसेआंनी विचारलं. त्यांना चांगलं माहीत होतं.

“माझी, रातू,” तितिलियाचे बाबा एमोसी चटईकडे बघत म्हणाले.

“हं. चषकवाली.”

कुणीतरी हसलं. रातूंनी यांगोनाची करवंटी संपवली, खाली ठेवली, मिशीवरून हात फिरवला. यांगोनाचं ते मातकट पाणी पोटात गेल्याशिवाय ते कुठलाच निर्णय देत नसत.

“डोळ्यांनी खाडीतलं काही कमी होत नाही, हे पोरीचं खरं आहे. पण पाहुण्यांचा हात खाली जाणार नाही, हे कोण बघणार?”

“मी,” तितिलिया म्हणाली. या वेळी बसूनच.

बाहेर आल्यावर इनोके काकांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. गावाची फायबरची होडी तेच चालवायचे. “झालं. आता खाडीत चिंबोरीला शिंक आली तरी जाब तुला.”

“येऊ द्या की. विचारीन तिला, सर्दी कुठून आणलीस.”

“आणि सुवाला गेल्यावर काय करशील? तिथे सभेत उभी राहिलीस तर लोक तुला मंत्री करतील.”

पुढच्या वर्षी ती राजधानीत, सुवाच्या शाळेत जाणार होती. राहायला रातू ओसेआंच्या मुलीचं घर ठरलं होतं. ते आठवून ती उड्या मारतच घरी गेली.

*

खाडीत एका वेळी एकच होडी न्यायची, असं ठरलं होतं. नऊ-नऊ प्रवाशांच्या चार फेऱ्या. तिसऱ्या फेरीपर्यंत तितिलियाला आपलंच बोलणं पाठ झालं, आणि ते तिला फार आवडायला लागलं.

“झाडाला हात लावायचा नाही. पाण्यावर तरंगणारी शेंग उचलायची नाही. गळलेलं पान उचलायचं नाही. बुटाला लागलेला चिखलसुद्धा इथेच धुऊन जायचा. हे सगळं अजून एकतीस दिवस एका माणसाचं आहे, आणि तो माणूस आता नाही, म्हणून त्याला विचारता येत नाही.”

हे शेवटचं वाक्य तिनं स्वतः बनवलं होतं. त्यावर दर वेळी होडी गप्प व्हायची. एका निवृत्त दंतवैद्यानं तर उरलेला सगळा वेळ हात मांडीखाली दाबून ठेवले.

चौथ्या फेरीत डोरीन नावाच्या बाई होत्या. टास्मानियाच्या, सत्तरीच्या, डोक्यावर भली मोठी टोपी. त्या छायाचित्रं काढत नव्हत्या. गुडघ्यावर वही ठेवून पेन्सिलीनं भराभर रेघा ओढत होत्या, आणि मधूनच असा प्रश्न विचारत होत्या की तितिलियाला खरंच विचार करावा लागे. म्हणून तिला त्यांना आतलं जुनं कांदळ दाखवायचंच होतं. त्याच्या मुळांची कमान एवढी मोठी, की लहानपणी ती तिघी मैत्रिणींसह त्याखाली बसायची.

“पाणी उतरतंय,” इनोके काका आपल्या भाषेत म्हणाले.

“पाचच मिनिटं, काका.”

“तुझी पाच मिनिटं मला माहीत आहेत.”

तरी त्यांनी होडी आत घातली. तितिलिया चषकवाली होती, आणि आज सकाळपासून जहाजावरचे लोक तिच्यासाठी टाळ्या वाजवत होते.

कांदळ पाहून परत वळताना होडीचा तळ मऊपणे खाली बसला. आवाजसुद्धा झाला नाही. काकांनी इंजिन वर उचललं, बांबूनं रेटून पाहिलं. बांबू चिखलात हातभर गेला आणि होडी जागची हलली नाही. दोन्ही बाजूंना मुळंच मुळं, एकमेकांत अडकलेली, आणि वर पानांचं छप्पर. वारा बाहेरच राहिला होता. उतरतं पाणी मुळांमधून चुळचुळत निघून जात होतं, ते मात्र ऐकू येत होतं. आधी सगळे हसले. मग एकानं घड्याळ बघितलं. मग चिलटं आली, आणि हसणं थांबलं.

“किती वेळ लागेल?” दंतवैद्याची बायको म्हणाली. नवऱ्याकडून सगळं ऐकून तिनं मुद्दाम चौथी फेरी निवडली होती.

तितिलियानं काकांकडे पाहिलं.

“आता नाही हलली तर भरती येईपर्यंत,” काका म्हणाले. “सांग त्यांना, जेवण इथेच. पण जेवणाला हात लावायला बंदी आहे.”

“थोडाच वेळ,” तितिलियानं इंग्रजीत सांगितलं.

सगळ्यांना पुढच्या टोकाकडे सरकवलं, मागचा भार कमी केला, आणि ती दोघं खाली उतरली. चिखल गुडघ्यापर्यंत आला, वरून गरम, आत गार. काका एका बाजूनं, ती दुसऱ्या बाजूनं. “एक, दोन,” म्हणून खांदा लावायचा, पाय रुततील तसे उपसून पुन्हा रोवायचे. होडी वीतभर सरकायची आणि बसायची.

“हे झाड किती वर्षांचं असेल?” वरून डोरीनबाईंनी विचारलं. पेन्सिल चालूच होती.

“माझ्या आजीची आजीसुद्धा त्याला म्हातारंच म्हणायची,” तितिलिया हसत म्हणाली, आणि सांगू लागली, आजी कशी इथे यायची, टोपली पाठीला बांधून, पोरींची रांग मागे घेऊन. सांगता सांगता ती होडी रेटत होती, पाय उपसत होती, रोवत होती.

नावेसीच्या बायका चिखलात चालतात ते काही पुढे जाण्यासाठी नव्हे. पाय शिंपला शोधतो, अंगठा आणि शेजारचं बोट घट्ट धरतात, कमरेतून वाकलं की हात जाऊन उचलतो, आणि तोंड शेजारणीशी बोलतच असतं. कुणी शिकवत नाही. चौथ्या-पाचव्या वर्षी मुलगी आईमागं चिखलात उतरते आणि पायांना येऊन जातं.

तितिलिया आजीच्या टोपलीबद्दल सांगून सरळ झाली, तेव्हा तिच्या डाव्या मुठीत शिंपला होता. जाड, रेघारेघांचा, तळहात भरेल एवढा कायकोसो. तोंड घट्ट मिटलेला, म्हणजे जिवंत.

पुढचं वाक्य ती विसरली.

मूठ उघडली असती तर तो तिथेच चिखलात पडला असता. पण होडीतली नऊ माणसं तिच्याकडेच बघत होती, तिच्या वाक्याची वाट बघत. अर्धा तास तिनं त्यांना पान उचलू दिलं नव्हतं. दंतवैद्याच्या बायकोचे हातही मांडीखाली होते.

“सुटली,” पलीकडून काका ओरडले. होडी सरसर मागं गेली. “चढ, चढ, पोरी.”

ती एका हातानं काठ धरून चढली. होडीतलं पाणी उपसायला कापलेला प्लास्टिकचा डबा पायाशी होता. शिंपला तिनं त्यात टाकला आणि वर आपला भिजलेला टॉवेल टाकला. मग ती वळली आणि त्या झाडावर कुठले पक्षी बसतात ते सांगायला लागली. आवाज अगदी नेहमीसारखा निघाला. तिला त्याचंच नवल वाटलं.

*

किनाऱ्यावर बायका गात होत्या. हार घालणं, पाहुण्यांचे हात धरून त्यांना उतरवणं, नारळ फोडणं, सगळं एकाच वेळी. तितिलियाला कुणीतरी ओढून गाणाऱ्यांत उभं केलं. गाता गाता तिला दिसलं, सेनिमिली काकू इनोके काकांशी बोलतायत. पलीकडच्या रानातले कसाव्याचे कंद आणायला त्यांना होडी हवी होती. काकांनी हात हलवला, ने. टॉवेल त्यांनी डब्यात न बघताच काढून तितिलियाकडे फेकला आणि तो तिनं झेलला. डबा होडीतच राहिला.

सेनिमिली लाऊ बेटांवरची. बोटीनं दोन दिवसांच्या पलीकडची. लग्न होऊन आठ वर्षं झाली तरी गावात तिला ‘लाऊवाली’च म्हणत. नवरा ऑस्ट्रेलियात फळं तोडायला गेलेला, घरात तीन मुलं. खाडी बंद होण्याआधी चिंबोऱ्या बांधून लम्बासाच्या बाजारात नेणारी गावातली ती एकटीच होती, आणि तिच्या चिंबोऱ्या सगळ्यांच्या आधी खपायच्या. हे गावातल्या काही जणींना तिच्या लाऊच्या असण्यापेक्षा जास्त खुपायचं.

संध्याकाळी होडी परत आली तेव्हा तितिलिया वाळूत जाऊन उभी राहिली. पण तिथे काका होते, आतेथाचे बाबा होते, आणखी चार जण होते. सगळे होडी ओढायला आलेले, मग तिथेच गप्पांना बसलेले.

“काय गं, चषकवाली, होडीला राखण का?” काका म्हणाले.

“नाही, सहज.”

ती घरी गेली. पहाटे लवकर उठून शिंपला खाडीत परत टाकीन, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण काका तिच्याही आधी उठले होते.

ती पोचली तेव्हा ते डबा हातात धरून उभे होते, आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यावर शिंपला होता. आजूबाजूला पाच-सहा बायका जमल्या होत्या. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

“जिवंत आहे,” काका म्हणाले.

“पाहुण्यांपैकी कुणी?” आतेथाच्या आईनं विचारलं.

“छे. तितिलिया होती ना. गळलेलं पान उचलू दिलं नाही तिनं कुणाला. पाहुण्यांच्या नाकावर बसलेलं चिलट मारायचं म्हटलं, तरी त्यांनी हिच्याकडे बघितलं असतं.”

सगळ्यांनी कौतुकानं तिच्याकडे पाहिलं. तितिलियानं तोंड उघडलं. एवढी मोठी स्पर्धा जिंकलेलं तोंड, आणि त्यातून एक शब्द येईना.

“मग होडी शेवटी कुणाकडे होती?” आतेथाची आई म्हणाली. आणि उत्तर सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे सगळ्या एकाच घराकडे वळल्या.

सेनिमिली कसाव्याचा भारा सोलत बसली होती. तिला विचारायला नको होतं, सगळं तिला ऐकू गेलं होतं. तिनं सुरी खाली ठेवली आणि चालत आली.

“मला शिंपला हवा असता, तर एकच घेतला असता का?” ती म्हणाली. “तीन पोरं आहेत माझी. एक कुणाच्या पानात वाढू?”

“एक राहिला असेल होडीत. बाकीचे टोपलीतून गेले असतील,” आतेथाची आई म्हणाली.

“मग माझ्या चुलीमागं शिंपल्या शोध ना. ये, तुझ्यासाठी घर झाडूनच ठेवलंय.”

“लाऊत असंच बोलतात का मुखियाच्या सुतकात?”

सेनिमिलीची धाकटी येऊन तिच्या सुळूला, कमरेला गुंडाळलेल्या कापडाला, लोंबकळली होती. तिला उचलून घेऊन ती परत गेली आणि कसावा सोलायला बसली. सुरी मात्र आता फार सावकाश चालत होती.

गावाचा रोजचा कारभार बघणाऱ्या माणसानं सगळ्यांना पांगवलं. पाहुणे अजून जायचेत, म्हणाला. जहाज गेलं की संध्याकाळी रातू सेनिमिलीला बोलावतील. खाडी उघडेपर्यंत तिनं मुलांना घेऊन आपल्या बेटावर जावं, असं काही जणांचं म्हणणं आहे. “आणि परत यायचं की नाही, ते तिचा नवरा आल्यावर ठरेल.”

*

बायकांची बाग गावाच्या मागच्या चढावर आहे. चारी बाजूंनी जास्वंदीचं कुंपण, आत दालोचे, म्हणजे अळूच्या कंदांचे, वाफे, चटयांसाठी लावलेला केवडा, लाल आल्याचे तुरे, आणि मधून एक माणूस जाईल एवढीच वाट. त्या वाटेनं छत्तीस पाहुणे एकामागं एक चालले होते, सगळ्यांत पुढे तितिलिया. मागं वळायचं म्हटलं तरी वळायला जागा नव्हती.

ती सांगत होती. दालोचं पान कसं उकडतात, केवडा कसा वाळवतात, कुठलं फूल डाव्या कानावर आणि कुठलं उजव्या. लोक हसत होते. बागेच्या टोकाला सेनिमिली नारळ फोडून देत होती. बायकांनी तिच्या शेजारची जागा सोडून आपापल्या चटया पलीकडे नेल्या होत्या. पाहुण्यांना वाटलं, ही नारळवालीची खास जागा. ते तिच्याभोवतीच गोळा झाले, आणि ती एकेकाला नारळ देताना तोंडभर हसत होती.

तितिलियाला नारळ देताना ती हसली नाही. नुसती म्हणाली, “पी. सकाळपासून बोलते आहेस.”

नारळ जड होता. तितिलियानं एक घोट घेतला आणि उरलेला हातात धरून ठेवला.

तिची आई सेरेइमा बागेचं सगळं बघायची. सेनिमिली दम खायला थांबली की तिचा कोयता स्वतः उचलायची, कुणी बघो न बघो. डोरीनबाई आईकडे आल्या तेव्हा तिच्या हातात कोयता होता. बाईंनी वहीतून एक कागद सावकाश फाडून काढला.

“तुमच्यासाठी,” त्या म्हणाल्या. “काल होडीत काढलं. रात्री जहाजावर शाई भरली. तुमची मुलगी या प्रवासातली सगळ्यांत चांगली गोष्ट आहे.”

आईनं कोयता खाली ठेवला, हात सुळूला पुसले आणि कागद घेतला. तितिलिया दहा पावलांवर होती. तिला कागदाची मागची बाजू दिसत होती, आणि आईचा चेहरा.

आई बराच वेळ बघत होती. चित्र बघायला लागतो त्याहून जास्त वेळ.

“हात फार चांगले आलेत,” ती आपल्या तुटक्या इंग्रजीत म्हणाली. “थँक यू.”

“हात मला नेहमी जमत नाहीत,” डोरीनबाई खूश होऊन म्हणाल्या. “पण तिची मूठ बघताक्षणी आवडली. पकड केवढी.”

आईनं कागदाची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली आणि झंपरात खोचली. कोयता उचलून ती दालोच्या वाफ्याकडे गेली. जाता जाता तितिलियाजवळ थांबली.

“पाहुण्यांना पाणी दे,” ती म्हणाली.

“आई...”

“पाणी दे आधी. ऊन लागतंय त्यांना.”

दुपारी जहाजाचा भोंगा वाजला. बायका निरोपाचं गाणं म्हणाल्या. सगळ्या पाहुण्यांनी तितिलियाला मिठी मारली, आणि दंतवैद्यानं दोन्ही तळवे वर करून दाखवले, बघ, रिकामे. ती हसली. जहाज लहान होत होत टेकाडाआड गेलं, तसा किनारा एकदम फार छोटा दिसायला लागला. एका टोकाला कांदळवन, दुसऱ्या टोकाला चढ, मध्ये चाळीस घरं, आणि प्रत्येक घराच्या दाराशी कुणी ना कुणी बसलेलं.

*

घरी बाबा चटईवर बसले होते. समोर यांगोनाच्या वाळलेल्या मुळांची एक जुडी होती, नव्या सुतळीनं बांधलेली. माफी मागायला जाताना ती न्यायची, आणि समोरच्यानं हातात घेतली तर माफी मिळाली. त्यांनी सदरा बदलला होता, केस ओले करून विंचरले होते. शेजारी आई, आणि आईच्या पुढ्यात दोन्ही घड्या उलगडून ठेवलेला कागद.

तितिलियानं तो पहिल्यांदाच पाहिला. चिखलात गुडघाभर उभी असलेली एक मुलगी, हसताना तोंड अर्धवट उघडं, मागे मुळांची कमान. डाव्या हातात कायकोसो. एकेक रेघ मोजून घ्यावी असा. काढणाऱ्या बाईला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता, म्हणूनच तिनं तो इतका प्रेमानं काढला होता.

“पायानं काढला?” आईनं विचारलं.

“कळलंच नाही, आई. मी बोलत होते.”

“हं.” आई आपल्या पायांकडे बघत म्हणाली. “परवा मी किनाऱ्यानं येत होते. वाळू होती नुसती. तरी माझी बोटं चाचपत होती.”

बाहेरून मुलांच्या खेळण्याचा आवाज येत होता.

“असं करू,” बाबा म्हणाले. त्यांनी जुडी उगाच जरा सरळ केली. “मी जातो रातूंकडे. हे पुढे ठेवतो. काल संध्याकाळी होडी ओढायला मी होतोच. खाडीच्या तोंडाशी उथळात गेलो, पायाला लागला, सवयीनं उचलला, डब्यात टाकला. माफी मागतो. दंड काय द्यायचा तो देऊ. लाऊवाली सुटेल. तुझं नाव कुठे यायला नको.”

“तुम्ही काल होडीजवळ नव्हतात, बाबा.”

“ते कुणाला आठवतंय?”

“तुमच्या कानांना,” आई म्हणाली. “खोटं बोललात की लाल होतात. लग्नाच्या आधीपासून बघतेय.”

बाबांनी नकळत कानाला हात लावला. मग ते हलक्या आवाजात म्हणाले, “सेरेइमा, सुवाचं घर रातूंच्या मुलीचं आहे. पोरीनं भर सभेत ‘मी बघते’ म्हणून सांगितलं, आणि तिनंच उचलला. त्यांना तोंड राहील का तिला ठेवून घ्यायला? शिवाय गावातल्या बायका काय म्हणतील, हिच्या प्रश्नामुळं खाडीत होडी गेली. जहाज पुन्हा येऊ देणार नाहीत. बागेचं काय?” त्यांनी चित्राकडे पाहिलं. “हे चुलीत जाईल. मी एकदा लाल झालो म्हणून काय बिघडतं?”

आई तितिलियाकडे बघत नव्हती. कागदाचा मुडपलेला कोपरा ती अंगठ्यानं पुन्हा पुन्हा सरळ करत होती.

तितिलिया दाराशी गेली. समोर दोन घरं सोडून सेनिमिली काकूंचं अंगण होतं. त्या दोरीवरचे कपडे काढत होत्या. कपडे ओले होते, दिसत होतं ते, पाणी ठिबकत होतं. लहान सदरे, एक चादर, शाळेचा एक गणवेश. त्या प्रत्येक कपडा पिळून, घडी करून चटईच्या पिशवीत भरत होत्या. थोरली मुलगी पिशवीचं तोंड धरून उभी होती. शेजारच्या ओसरीवर दोघी बसल्या होत्या. त्या बघत होत्या आणि उठत नव्हत्या. सभेला अजून तासभर होता, पण सभा कशी संपणार हे काकूंना कळून चुकलेलं होतं.

नवऱ्याकडून भांडायला कुणी नाही. बाजूनं बोलायला या गावात भाऊ नाही. आठ वर्षांत त्यांच्या दारात कुणी यांगोनाची जुडी घेऊन गेलं असेल, असं तितिलियाला आठवेना. जुडी घेऊन लोक जायचे ते रातूंकडे, नाहीतर ज्याच्यामागं माणसं आहेत त्याच्याकडे.

ती परत आत आली. उभं न राहता बाबांच्या समोर बसली, पाय दुमडून, त्यांच्यापेक्षा जरा खाली.

“बाबा, बोलायचं तुम्हीच. रीत तशी आहे, मी तुमच्या मागं बसेन. पण नाव माझं घ्यायचं. पायाला लागला, मी उचलला, लाज वाटली म्हणून लपवला, आणि सकाळी बोलले नाही. चारही गोष्टी सांगायच्या, एकही गाळायची नाही. चित्रही न्यायचं.”

“आणि सुवा?”

“ते रातू ठरवतील. नाही म्हणाले तर इथल्याच शाळेत जाईन.”

बाबांनी आईकडे पाहिलं. आई उठली होती. सरपणाच्या माळ्यावर हात घालून ती काहीतरी शोधत होती.

“एक जुडी पुरणार नाही, बाबा,” तितिलिया म्हणाली. “दोन लागतील. पहिली आपण सेनिमिली काकूंच्या दारात ठेवणार आहोत, त्या पिशवी बांधायच्या आत. त्यांनी हातात घेतली, तरच दुसरी घेऊन रातूंकडे जायचं.”